माळ्यावरचं हेल्मेट

"सावकाश, कोपरा लागेल," असं मी तिसऱ्यांदा म्हणालो, तेव्हा प्रल्हादराव हसले. आमचा जुना एकोणतीस इंची टीव्ही त्यांनी एकट्यानं छातीशी कवटाळला होता आणि मागे न बघता ते दाराबाहेर निघाले होते.

"दादा, तुमी नुसतं दार धरा. तोंडानं उचलायचं काम तुमचं, हातानं उचलायचं माझं."

वैजू स्वयंपाकघरातून खळखळून हसली. माझी टर उडवायची संधी तिचा मेहुणा सोडायचा नाही आणि ती दाद द्यायला चुकायची नाही.

प्रल्हाद भोईटे माझे साडू. माझ्या बायकोची, वैजयंताची, धाकटी बहीण शैला, तिचे ते यजमान. मी साताऱ्यात पॉलिटेक्निकला शिकवायचो. ते एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते आणि राहायला शहराबाहेर आठ-नऊ किलोमीटरवर आपल्या गावी. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण साडवाला अरे-तुरे करायची आमच्याकडे रीत नाही. म्हणून मी त्यांना प्रल्हादराव म्हणायचो आणि ते मला दादा.

मला नव्या वस्तूंचा नाद होता. पैसे उधळायचा नव्हे, निवडायचा. एक टीव्ही घ्यायचा तर मी तीन महिने माहिती गोळा करायचो, दुकानांतून फिरायचो, विक्रेत्यांना नको नको ते प्रश्न विचारून त्यांना घाम फोडायचो. मग वस्तू घरी यायची, दोन-तीन वर्षं मी तिचे लाड करायचो आणि तिच्याहून सरस काही बाजारात आलं की पुन्हा माझी झोप उडायची. साउंड सिस्टीम, मिक्सर, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, आणि चाळिशीनंतर सायकल. वैजू म्हणायची, "आपल्या घरात वस्तू माहेरपणाला येते. चार दिवस कौतुक, मग शैलाकडे नांदायला."

आणि ते खरंच होतं. जुनं विकायला माझा जीव व्हायचा नाही, भंगारात टाकायला तर नाहीच. ते सगळं प्रल्हादरावांकडे जायचं. फुकट नेताना त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं, म्हणून येताना कधी भुईमुगाच्या शेंगांचं पोतं, कधी हरभऱ्याचा डहाळा, कधी गुळाची ढेप घेऊन यायचे. आणि वस्तू उचलण्याआधी ते नेमानं एक प्रश्न विचारायचे.

त्या दिवशीही टीव्ही टेम्पोत ठेवून ते परत वर आले, शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं आणि कोचावर टेकले.

"हां, आता खोड सांगा."

"रिमोटचं चार नंबरचं बटण चालत नाही," मी म्हणालो. "चौदा लावायचं असेल तर तेरा लावून एक वर जायचं."

"आणि?"

"सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं चित्र हिरवट दिसतं. घाबरू नका. तापला की सरळ होतो."

"माझ्या फोरमनसारखा. आणि?"

"मागच्या बाजूला वरून तिसरी जाळी फुटलीय. पाल शिरते."

त्यांनी बोटांवर मोजत तिन्ही खोडी पाठ केल्या. ही आमची पद्धतच पडली होती. पहिल्यांदा मिक्सर दिला तेव्हा मी सांगितलं होतं की याचं झाकण डाव्या हातानं दाबून धरावं लागतं. तेव्हापासून प्रत्येक वस्तूबरोबर तिची खोड जायची. मी एकही लपवायचो नाही. किंबहुना मला त्यात अभिमान वाटायचा. माझा साडू गावात चारचौघांत सांगायचा, "आमच्या दादांची वस्तू म्हणजे कागदपत्रासकट. बारीकातली बारीक खोड सांगूनच देत्यात." हे शैलाकडून कानावर आलं की मला दिवसभर बरं वाटायचं.

चहा झाला. प्रल्हादराव उठायला लागले, तशी वैजू म्हणाली, "थांबा की जरा. सायकलीचं सामानही पडलंय. जून महिन्यात सायकल तेवढी नेलीत, पंप आणि हातमोजे इथंच राहिलेत."

माझी जुनी सायकल जूनमध्ये त्यांच्याकडे गेली होती, कारण मी बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची नवी घेतली होती. त्या सायकलवरून ते कारखान्यात जाऊ लागले होते. गाडीला पेट्रोल लागतं आणि पोट सुटत चाललंय, अशी दोन्ही कारणं ते हसत सांगायचे.

वैजू स्टुलावर चढून माळ्यावरून एकेक वस्तू काढू लागली. पंप आला. हातमोजे आले. मागचा लाल दिवा आला. मी खालून घेत होतो. मग तिनं माझं निळं हेल्मेट काढलं.

"अय्या, हे इथं कशाला ठेवलंत? नवं आणलंत ना तुम्ही? प्रल्हादराव, हे पण न्या. चांगलं आहे."

माझ्या हातातला पंप खाली पडला.

त्या हेल्मेटची गोष्ट तिला माहीत नव्हती. सांगायचीच नव्हती. महिन्यापूर्वीच्या एका रविवारी सकाळी यवतेश्वरचा घाट उतरताना एका वळणावर बारीक खडी पसरली होती. मागचं चाक सरकलं आणि मी कठड्याच्या दगडावर आपटलो. कोपर सोलवटलं, खांदा आठवडाभर दुखत राहिला. डोक्याला काही झालं नाही, कारण डोक्यावर हे होतं. घरी येऊन मी सांगितलं की कॉलेजच्या जिन्यावरून पाय घसरला. रविवारी कॉलेज कसलं, हे तिनं विचारलं नाही. परीक्षेचं काम होतं, असं मी न विचारताच सांगून टाकलं.

वैजूचा मामेभाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. तेव्हापासून दुचाकीचं नाव काढलं की ती विषय बदलायची. मी सायकल घेतली तेव्हा तिनं हट्ट धरला नाही, फक्त एकच सांगितलं होतं, "एकदा जरी पडलात तर ती सायकल त्याच दिवशी घराबाहेर. मग मला कारणं सांगायची नाहीत." नव्या सायकलीसाठी मी आठ महिने माहिती काढली होती. ती घेऊन मला पुरते चार महिने झाले नव्हते.

पडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी इकबालभाईंच्या दुकानात गेलो होतो. सातारच्या सगळ्या सायकलवेड्यांचे ते वैद्य. त्यांनी हेल्मेट हातात घेतलं, आतली गादी सोलून काढली आणि खिडकीपाशी उजेडात धरलं. पांढऱ्या थर्माकोलमध्ये कानाच्या वरून मागच्या बाजूपर्यंत केसासारखी बारीक रेघ गेली होती.

"सर, ह्याचं काम झालं," ते म्हणाले. "एकदा मार खाल्ला की संपलं. वरनं नवं दिसतं, पण आतलं दबलेलं असतं. दुसरा मार हे घेत नाही. द्या, मी पट्टे कापतो."

त्यांच्या दुकानात तसा रिवाज होता. मार खाल्लेलं हेल्मेट आलं की ते कात्री घ्यायचे आणि गिऱ्हाइकासमोर दोन्ही पट्टे कापून टाकायचे, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या डोक्यावर जायचं नाही. कात्री त्यांनी उचललीही होती.

"राहू द्या," मी म्हणालो. "घरी नेऊन मीच मोडतो."

"नक्की मोडा बरं का, सर."

"अहो, मी शिकवतो हेच. एकदा ताण दिलेला नमुना दुसऱ्यांदा चाचणीला घ्यायचा नसतो."

खरंच शिकवायचो. दरवर्षी, पहिल्याच आठवड्यात. पण वस्तू मोडायला माझा हात धजत नाही, आणि घरात हातोडी चालवली असती तर वैजूनं विचारलं असतं. म्हणून बाहेरच्या ओरखड्यावर मी चमकणारी एक लाल पट्टी चिकटवली, गादी पुन्हा बसवली आणि हेल्मेट माळ्यावर मागे सरकवलं. वैजूला सांगितलं की नवं हेल्मेट हलकं आहे, त्यात वारा खेळतो. तिला ते लगेच पटलं. माझा स्वभावच तसा असल्यावर शंका कोण घेणार?

आता ते हेल्मेट प्रल्हादरावांच्या हातात होतं. त्यांनी ते डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली पट्टा लावला आणि आमच्या आरशासमोर उभे राहिले.

"चंद्रावर निघालोय असं वाटतंय," ते म्हणाले. "वैजूताई, शैला ओळखंल का मला?"

"ओळखेल, पण घरात घेईल का ते बघा."

दोघं हसले. मग प्रल्हादराव माझ्याकडे वळले. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं.

"याची खोड काय, दादा?"

वैजू स्टुलावरून उतरून माझ्या शेजारीच उभी होती. तिच्या हातात पुसायचं फडकं होतं. मला आजही त्या फडक्याचा रंग सांगता येईल. मी मनात म्हटलं, आत्ता नको, उद्या फोनवर सांगू. फक्त त्यांना सांगू, तिला कळायला नको.

"याची काही नाही," मी म्हणालो.

"बगा, पहिलीच वस्तू बिनखोडीची," ते म्हणाले आणि टेम्पोकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी केला, पण तो शैलानं उचलला. तिच्याशी काय बोलणार? ती ताईला सांगणार. मी टीव्ही नीट चालतोय का विचारलं आणि ठेवून दिला. मग दिवाळी आली, पेपर तपासणी आली. मनात कुठंतरी टोचायचं, पण प्रल्हादराव शेतातल्या आडरस्त्यानं जातात, तिथं ना गाडी ना घोडा, असं मी स्वतःला समजावायचो. ते पडणार कशाला? पडले तरी मातीत पडतील.

नोव्हेंबरात त्यांचाच फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"दादा, तुमच्या हेल्मेटनं कमाल केली राव. शैलानं परवानगी दिली."

"कसली?"

"हायवेच्या बाजूच्या रस्त्यानं जायची. आधी ती जाऊच द्यायची न्हाई. म्हणायची, गाड्या लई. आता म्हणते, डोक्याला हाय ना, मग जावा. अर्धा तास वाचतोय माझा. सकाळी रानात जाऊन येता येतंय."

मी फोन कानाला धरून उभा होतो. वैजू पलीकडच्या खोलीत मालिका बघत होती, नव्या टीव्हीवर. आवाज मोठा होता, माझं बोलणं तिला ऐकू गेलं नसतं. मी तेव्हा सांगू शकत होतो. दोन वाक्यं पुरली असती. पण महिनाभर का सांगितलं नाही, हे तिसरं वाक्य सांगावं लागलं असतं. खोडी सांगून देणारा दादा म्हणून माझं जे नाव होतं, ते मला राखायचं होतं. इतकं क्षुद्र कारण होतं ते. मी आज ते कुठल्याही चांगल्या शब्दात गुंडाळणार नाही.

"सावकाश जात जा," मी म्हणालो.

"तुमी काय काळजी करू नका," ते म्हणाले.

डिसेंबरच्या अठरा तारखेला संध्याकाळी सहाच्या सुमारास ते कामावरून परतत होते. उसाची एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. तिला वळसा घालताना मागून आलेल्या मोटारसायकलचं हँडल त्यांना घासलं. मोटारसायकलवाला पडला, उठला, त्याचा गुडघा फुटला होता एवढंच. प्रल्हादराव आडवे पडले ते डोक्याच्या उजव्या बाजूवर, कडेच्या सिमेंटच्या दगडावर. बघणारे म्हणाले, "वेग कुठं होता? सायकल ती सायकल."

आम्ही हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा त्यांना आत नेलं होतं. शैला बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी होती, त्यात त्यांचे कपडे, घड्याळ आणि निळं काहीतरी. मी तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

एक तरुण डॉक्टर बाहेर आले. "पेशंटच्या डोक्यावर हेल्मेट होतं ना?"

"होतं," शैला म्हणाली.

"अच्छा." त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. "इजा फार आहे. हेल्मेट असताना, एवढ्याशा पडण्यात, सहसा..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "बघू या. प्रयत्न चालू आहेत."

डॉक्टर गेल्यावर शैलानं माझा हात धरला. माझ्याशी ती कधी मोकळेपणानं दोन शब्द बोलायची नाही, मोठ्या दाजींचा मान ठेवून असायची. त्या दिवशी तिनं माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"दाजी, तुमचं हेल्मेट होतं म्हणून धुगधुगी तरी हाय. नायतर जाग्यावरच गेलं असतं बगा. तुमचे उपकार..."

"असं बोलू नकोस," मी म्हणालो.

वैजूनं तिला जवळ घेतलं. "देवानंच बुद्धी दिली गं मला त्या दिवशी. माळ्यावर धूळ खात पडलं होतं. मीच काढलं." ती रडत होती, पण त्या रडण्यात एक आधारही होता. आपण काहीतरी चांगलं केलं होतं, हा आधार. मी तो बघितला आणि पाणी आणायला गेलो.

चार दिवस ते तसेच होते. मी काचेतून बघायचो. डोक्याला बांधलेलं पांढरं, नाकात नळी, छाती यंत्राच्या तालावर वरखाली होणारी. तेवढे दिवस मी मनातल्या मनात नवस बोललो, सायकल विकायचं ठरवलं, वैजूला सगळं सांगायचं ठरवलं, ते शुद्धीवर आले की त्यांचे पाय धरायचे ठरवले. अट एकच, ते उठले पाहिजेत. बावीस तारखेला दुपारी ते गेले.

तेराव्यापर्यंत मी धावपळ केली. पत्रे, मांडव, आचारी, भटजी, सगळं माझ्या अंगावर घेतलं. लोक म्हणाले, साडू असावा तर असा. दर वेळी ते ऐकलं की मला अंगावरचं कातडं काढून ठेवावंसं वाटायचं.

जानेवारीच्या शेवटी मी एकटाच त्यांच्या गावी गेलो. वैजूला सांगितलं, कारखान्यातून मिळायच्या पैशांचे कागद भरून द्यायचेत. दुपारची वेळ होती. शैला ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मला बघून ती उठली, पदर सारखा केला, आत सतरंजी घातली, पाणी आणलं.

"बसा, दाजी. चहा टाकते."

"चहा नको. शैला, मला तुला एक सांगायचंय."

ती समोर बसली. मी सांगितलं. घाट, खडी, कठडा, इकबालभाईंची कात्री, लाल पट्टी, माळा. वैजू शेजारी उभी होती म्हणून मी काय म्हणालो, तेही सांगितलं. नोव्हेंबरातला फोनही सांगितला. मान वर न करता बोलत होतो. संपल्यावर ती ओरडेल, मारेल, शिव्या देईल असं वाटत होतं. खरं तर मला तेच हवं होतं.

ती मग उठून कपाटाजवळ गेली आणि ती प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. हेल्मेटचे दोन तुकडे तिनं सतरंजीवर ठेवले. कानाच्या वरून मागपर्यंत सरळ दुभंगलेले. दोन्ही कडांना पिवळसर, वाळलेला गोंद होता.

"ह्यो गोंद त्यांनी लावलेला," ती म्हणाली.

मला कळलं नाही. "कधी?"

"आणलं त्याच दिवशी. त्यांना सवय होती न्हवं, आलेली वस्तू पहिली खोलायची. टीव्ही लावला आणि लगेच ह्याची गादी काढून धुवायला घेतली. तवा ती रेघ दिसली. मला बोलावून दाखवली."

"म्हणजे त्यांना माहीत होतं?"

"रेघ हाय एवढं माहीत होतं. मी म्हटलं, अवो, फुटकं हाय, दाजींना फोन लावा, विचारा." गोंदाच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं. "तर म्हणले, येडी हायस का? दादा चार नंबरचं बटण सांगत्यात, पाल शिरते त्ये सांगत्यात. ही रेघ कामाची असती तर सांगितल्याबिगर ऱ्हायले असते व्हय? त्ये कॉलेजात हेच शिकवत्यात, कुठला तुकडा किती सोसतो त्ये. त्यांनी काय न्हाई म्हटलं म्हणजे काय न्हाई."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मी त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिलो. मी काहीच बोललो नसतो, "माहीत नाही" म्हणालो असतो, तर त्या फिटर माणसानं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला असता. त्यानं रेघ पाहिली होती. त्याला ती समजतही होती. माझ्या दोन शब्दांनी त्यानं स्वतःचे डोळे खोटे ठरवले. पंधरा वर्षं मी एकेक बारीक खोड खरी सांगून जो विश्वास कमावला, तो सगळाच्या सगळा त्या दिवशी त्याच्या डोक्यावर चढवला होता.

मला रडू फुटलं. शैला रडली नाही. तिचं रडून झालं असावं.

"तू मला काय हवं ते बोल," मी म्हणालो. "मी आज घरी जाऊन वैजूला सांगतो. सगळ्यांना सांगतो."

"न्हाई."

तिचा आवाज पहिल्यांदा चढला.

"ताईला सांगायचं न्हाई. कधीच न्हाई. माळ्यावरनं तिनं काढलंय. स्वतःच्या हातानं त्यांच्या हातात दिलंय. तुमी सांगून मोकळं व्हाल, दाजी. ती व्हायची न्हाई. माझा नवरा गेला, आता माझी बहीण घालवू नका."

"पण शैला, मी हे पोटात घेऊन..."

"ऱ्हावा की," ती म्हणाली. "त्या दिवशी ताईला कळू नये म्हणून गप्प बसलात न्हवं? आता तसंच बसा."

तिनं तुकडे पिशवीत भरले, पिशवी कपाटात ठेवली आणि चहा टाकायला आत गेली. मी चहा घेतला. घेणं भाग होतं. त्या घरातून पाहुणा बिनचहाचा गेला तर गावात चर्चा होते.

नवी सायकल मी महिन्याभरात विकली. गुडघे दुखतात, असं कारण सांगितलं. वैजूला हायसं वाटलं. इकबालभाईंच्या दुकानावरून जाणं मी टाळतो, लांबून वळसा घालून जातो. घरात नव्या वस्तू येतात, पण आता त्या वैजू निवडते. त्या वर्षी घेतलेला पातळ टीव्ही बिघडेपर्यंत आम्ही वापरला.

शैलानं त्यानंतर आमच्याकडून काही घेतलं नाही. वैजूनं एकदा फ्रीज पाठवला, तो तिनं त्याच टेम्पोतून परत धाडला. वैजूला फार लागलं. "मानी झालीय हल्ली," ती म्हणाली. "सख्ख्या बहिणीकडूनसुद्धा घ्यायला कमीपणा वाटतो तिला." मी वर्तमानपत्र वाचत होतो. वाचतच राहिलो.

त्याला आता बारा वर्षं होतील. गेल्या मे महिन्यात शैलाच्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला मुलाकडचे लोक आले होते. आम्हीही गेलो होतो, वडीलधारे म्हणून. भिंतीवर प्रल्हादरावांचा फोटो होता, हार घातलेला. मुलाच्या काकांनी विचारलं, कसे गेले?

"अपघात झाला," वैजू म्हणाली. मग नेहमीसारखाच तिचा आवाज भरून आला आणि ती जे दर वेळी सांगते ते तिनं सांगितलं. "आमच्याकडून होईल तेवढं केलं हो आम्ही. हेल्मेटसुद्धा दिलं होतं. पण वेळच आली होती, त्याला कोण काय करणार? विचारा शैलाला. दिलं होतं की नाही गं?"

शैला हातात ट्रे घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"हो," ती म्हणाली. "ताईनं दिलं होतं." आणि वाकून तिनं पहिला कप माझ्यापुढे धरला.